विश्लेषण : एक मूत्राशय पोखरते, दुसरा मज्जारज्जू... केटामाइन आणि ‘लाफिंग गॅस’ यांत अधिक घातक काय?

‘फ्रेंड्स’ या मालिकेतील चँडलर अर्थात अभिनेता मॅथ्यू पेरी याचा २८ ऑक्टोबर २०२३ रोजी लॉस एंजलिसमधील घरी मृत्यू झाला आणि केटामाइन हे नाव जगभरच्या बातम्यांत आले. त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, ८ नोव्हेंबरला, ब्रिटनमध्ये नायट्रस ऑक्साइड म्हणजेच ‘लाफिंग गॅस’ नशेसाठी बाळगणे हा गुन्हा ठरला. दोन्ही मूळची ऑपरेशन थिएटरमधली. दोन्हींचा मेंदूवरचा परिणाम इतका मिळताजुळता की औषधशास्त्रात ती एकाच कुटुंबात मोडतात. मात्र शरीराची हानी ती अगदी वेगवेगळ्या ठिकाणी करतात. भारतात एकावर कडक कायदा आहे, दुसऱ्याकडे फारसे कोणाचे लक्षच नाही. आणि ज्याकडे लक्ष नाही, त्याचा एक दुष्परिणाम नेमका भारतीयांच्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवणारा आहे.

‘डिसोसिएटिव्ह’ औषधे म्हणजे काय?

दारू किंवा अफू माणसाला सुस्त करते, गुंगी आणते. डिसोसिएटिव्ह गटातील औषधांचे काम वेगळे. ती जाणीव आणि शरीर यांची फारकत करतात. डोळे उघडे असतात, श्वास चालू असतो, पण वेदना ‘आपल्याला’ होत आहे असे वाटत नाही. या गटाची सुरुवात फेनसायक्लिडीन म्हणजे पीसीपी या औषधापासून झाली. १९५०च्या दशकात अमेरिकेतील पार्क-डेव्हिस कंपनीने ते भुलीसाठी तयार केले. भूल उत्तम लागे, पण शुद्धीवर येताना रुग्ण तासन्तास बरळत, हिंसक होत. म्हणून त्याचे सौम्य भावंड शोधण्याचे काम रसायनशास्त्रज्ञ कॅल्विन स्टीव्हन्स यांच्याकडे आले आणि १९६२मध्ये केटामाइन तयार झाले. १९६४मध्ये एडवर्ड डॉमिनो आणि गुंटर कॉर्सेन यांनी मिशिगनमधील तुरुंगातल्या कैद्यांवर त्याची पहिली मानवी चाचणी घेतली. (कैद्यांवर औषधे तपासणे त्या काळी अमेरिकेत सर्रास चालत असे.) आपण अंतराळात तरंगत आहोत, हातपायच उरलेले नाहीत, असे हे कैदी सांगत. याला काय म्हणावे, या प्रश्नावर ‘डिसोसिएटिव्ह’ हा शब्द डॉमिनो यांच्या पत्नीने सुचवला. १९७०मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, केटामाइनला मान्यता दिली आणि व्हिएतनाम युद्धात जखमी सैनिकांसाठी ते वापरले गेले.

नायट्रस ऑक्साइड याहून फार जुना. जोसेफ प्रीस्टली यांनी तो १७७२मध्ये तयार केला. हम्फ्री डेव्ही यांनी ब्रिस्टलमध्ये तो स्वतः हुंगून पाहिला आणि शस्त्रक्रियेत वेदना घालवण्यासाठी त्याचा उपयोग होऊ शकेल, असे १८००मध्येच लिहून ठेवले. ते कोणी मनावर घेतले नाही. पुढची चार दशके हा वायू श्रीमंतांच्या मेजवान्यांत आणि जत्रांतच वापरला गेला. १८४४मध्ये अमेरिकी दंतवैद्य होरेस वेल्स यांनी तो हुंगून स्वतःचा दात काढून घेतला, तेव्हा कुठे वैद्यकाला त्याची दखल घ्यावी लागली. म्हणजे या वायूचा नशेसाठी वापर ही आजची फॅशन नव्हे. औषध म्हणून वापर होण्याच्या आधीपासून तो होत आला आहे.

मेंदूत एकच कुलूप, मग अनुभवात फरक कशाने?

मेंदूतील पेशी एकमेकींना उत्तेजक संदेश देण्यासाठी ग्लुटामेट हे रसायन वापरतात. हा संदेश घेणाऱ्या दरवाजांपैकी एका प्रकाराला एनएमडीए रिसेप्टर म्हणतात. केटामाइन आणि नायट्रस ऑक्साइड दोन्ही हाच दरवाजा अडवतात. त्यामुळे आवाज दुरून आल्यासारखे वाटणे, वेळ लांबणे, शरीर हलके होणे, तोल जाणे ही लक्षणे दोन्हींत दिसतात.

फरक पडतो तो कालावधीने. फुग्यातून हुंगलेला वायू काही सेकंदांत मेंदूत पोहोचतो आणि एक-दोन मिनिटांत ओसरतो. शरीरात तो जवळपास बदलत नाही, आला तसा फुप्फुसांतून बाहेर जातो. केटामाइनचे तसे नाही. नाकावाटे ओढलेल्या पुडीचा अंमल साधारण तासभर टिकतो आणि यकृतात त्याचे तुकडे होऊन ते लघवीवाटे बाहेर पडतात. मात्रा वाढली की माणूस हलू-बोलू शकत नाही, भोवतालाशी संबंध तुटतो. नशा करणारे याला ‘के-होल’ म्हणतात.

हा फरक वरवर गॅसच्या बाजूने झुकणारा वाटतो. दोन मिनिटांत उतरणारी नशा ती काय, असे कोणालाही वाटेल. पण दोन मिनिटांत उतरते म्हणूनच दुसरा फुगा, मग तिसरा, असा सिलसिला सुरू होतो. एका रात्रीत डझनावारी फुगे फुगवणारे रुग्ण युरोपातील डॉक्टरांच्या आता चांगलेच परिचयाचे आहेत. केटामाइनमध्येही शरीर औषधाला सरावते आणि मात्रा वाढत जाते, पण तो चढ आठवडे-महिन्यांचा असतो.

वैद्यकीय वापरात मात्र केटामाइनची एक खुबी विलक्षण आहे. बहुतेक भुलीची औषधे श्वास मंदावतात आणि रक्तदाब पाडतात. योग्य मात्रेत केटामाइन यातले काहीच फारसे करत नाही. म्हणून जिथे व्हेंटिलेटर नाही, धड वीज नाही, तिथे ते जीव वाचवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते १९८५पासून आहे. २०१८मध्ये थायलंडच्या गुहेत अडकलेल्या बारा मुलांना आणि त्यांच्या प्रशिक्षकाला पाण्याखालून बाहेर काढताना ऑस्ट्रेलियन भूलतज्ज्ञ रिचर्ड हॅरिस यांनी केटामाइनच दिले होते. (याच मोहिमेत पाणी उपसण्यासाठी किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञ गेले होते, हे मराठी वाचकांना आठवत असेल.)

केटामाइन जीव कसा घेते?

श्वास थांबवत नाही, म्हणजे सुरक्षित, हा निष्कर्ष मात्र चुकीचा. केटामाइनच्या नशेत होणाऱ्या मृत्यूंत अपघातांचा वाटा मोठा असतो. माणूस स्वतःच्या शरीरातून ‘बाहेर’ असतो आणि शरीर मात्र रस्त्यावर, गच्चीवर किंवा पाण्यात असते. पेरी घरच्या हॉट टबमध्ये मृतावस्थेत सापडला. शवविच्छेदनात मृत्यूचे मुख्य कारण केटामाइनचा तीव्र परिणाम असे नोंदवले गेले. त्याचबरोबर बुडणे, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार आणि ब्युप्रेनॉर्फिन हे औषध यांचाही उल्लेख होता. त्याच्या रक्तातील केटामाइनचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या पूर्ण भुलीइतके होते. हे औषध हृदयाची गती आणि रक्तदाब वाढवते, त्यामुळे हृदयविकार असणाऱ्याला तो दुहेरी धोका. दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोबत असतील, तर श्वास सुरक्षित राहण्याची हमीही उरत नाही.

पेरी नैराश्यासाठी डॉक्टरी देखरेखीखाली केटामाइन घेत होता, पण जिवावर बेतले ते त्याबाहेर मिळवलेले केटामाइन. या प्रकरणी दोन डॉक्टरांसह पाच जणांवर आरोप ठेवले गेले आणि पाचही जणांनी गुन्हा कबूल केला. नैराश्यावरील उपचार ही मात्र भोंदूगिरी नाही. २०००मध्ये येल विद्यापीठातील छोट्या अभ्यासात त्याचा परिणाम दिसला. २०१९मध्ये एस्केटामाइन या त्याच्याच रूपाच्या नाकावाटे घ्यायच्या फवाऱ्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. हा फवारा घरी नेता येत नाही. दवाखान्यातच घ्यायचा आणि नंतर किमान दोन तास देखरेखीखाली थांबायचे, अशी अट आहे. ती अट पाहिली की धोका कुठे आहे, हे नियामकांनी ओळखले होते हे कळते.

दीर्घकाळच्या वापराचा फटका बसतो तो मूत्राशयाला. केटामाइनचे तुकडे लघवीत साठतात आणि मूत्राशयाचे आतले अस्तर जाळत राहतात. २००७मध्ये कॅनडा आणि हाँगकाँगमधील डॉक्टरांनी अशा रुग्णांची पहिली वर्णने प्रसिद्ध केली. निरोगी मूत्राशयात चारशे-पाचशे मिलिलीटर लघवी मावते. या रुग्णांत ते आकसून शंभर मिलिलीटरच्याही खाली येते. दर पंधरा-वीस मिनिटांनी लघवी, असह्य कळा, रक्त, आणि पुढे मूत्रपिंडांना सूज. वेळीच थांबल्यास बरेच भरून येते. उशीर झाला तर मूत्राशय काढून टाकण्यापर्यंत वेळ येते, आणि रुग्णांचे वय वीस-पंचवीस असू शकते. यातला दुष्टचक्राचा भाग असा, की मूत्राशयाची वेदना शमवणारे सर्वांत परिणामकारक औषध या रुग्णांच्या हाताशी असते ते केटामाइनच.

नायट्रस ऑक्साइडचा धोका दिसत का नाही?

तात्काळ धोका साधा आहे : ऑक्सिजनचा अभाव. दंतवैद्याकडे किंवा बाळंतपणात हा वायू ऑक्सिजनमध्ये मिसळूनच देतात. प्रसूतिकळांसाठीच्या प्रचलित मिश्रणात दोन्ही निम्मे-निम्मे असतात. क्रीम फेसाळण्याच्या छोट्या धातूच्या नळकांड्यांत मात्र निव्वळ नायट्रस ऑक्साइड असतो. तोंडाला पिशवी लावून, मास्क बांधून किंवा बंद गाडीत तो हुंगला की माणूस गुदमरतो, आणि गुदमरत असल्याचे त्याला कळतही नाही. केवळ ऑक्सिजन नसल्याने हा वायू कसा मारतो, याचे दुर्दैवी उदाहरण भारतातच आहे. इंदूरच्या सरकारी रुग्णालयात २०१६मध्ये पाइपलाइनच्या चुकीमुळे ऑक्सिजनऐवजी नायट्रस ऑक्साइड दिला गेल्याने दोन बालकांचा मृत्यू झाला होता. शिवाय दाबाखालून सुटणारा हा वायू इतका थंड असतो की ओठ, घसा आणि मांड्यांवर भाजल्यासारख्या जखमा होतात.

तरीही एकूण मृत्यू कमी आहेत. ब्रिटनमध्ये २००१ ते २०२० या काळात या वायूशी संबंधित ५६ मृत्यू नोंदले गेले. लोकांना तो निरुपद्रवी वाटतो याचे हेही एक कारण. खरा धोका मृत्यूंच्या आकड्यांत दिसत नाही. हा वायू शरीरातील जीवनसत्त्व बी१२ निकामी करतो. बी१२च्या रेणूच्या मध्यभागी कोबाल्टचा अणू असतो. नायट्रस ऑक्साइड त्या कोबाल्टचे ऑक्सिडीकरण करतो आणि बी१२ असून नसल्यासारखे होते. मज्जातंतूंवरचे मायलिन हे आवरण, म्हणजे विजेच्या तारेवरच्या प्लास्टिकसारखा थर, दुरुस्त ठेवायला हेच जीवनसत्त्व लागते. ते थांबले की पायाला मुंग्या येतात, मग बधिरता, चालताना झोक जाणे, अंधारात पडणे, लघवीवरचे नियंत्रण जाणे. मज्जारज्जूच्या मागच्या भागाची ही झीज काही जणांत कायमची राहते.

युरोपातील अमली पदार्थविषयक संस्थेच्या २०२२च्या अहवालातील आकडे बोलके आहेत. फ्रान्समध्ये या वायूच्या विषबाधेची प्रकरणे २०१७मधील १० वरून २०२०मध्ये १३४वर गेली. डेन्मार्कमध्ये २०१५मध्ये १६ होती, ती २०२१मध्ये ७३ झाली. छोट्या आठ ग्रॅमच्या नळकांड्यांची जागा अर्ध्या किलोहून मोठ्या सिलिंडरांनी घेतली, हे यामागचे मोठे कारण. पूर्वी प्रत्येक फुग्यासाठी नवे नळकांडे फोडावे लागे, आता नुसता नळ फिरवायचा. अमेरिकेच्या एफडीएनेही २०२५मध्ये स्ट्रॉबेरी-कलिंगडाच्या स्वादाच्या आकर्षक सिलिंडरांबाबत ग्राहकांना इशारा दिला. क्रीम फेसाळायला फळांच्या स्वादाचा वायू कशाला हवा, हे विचारण्याची गरज नाही.

भारतीयांनी याची चिंता अधिक का करावी?

बी१२ प्रामुख्याने प्राणिजन्य पदार्थांतून मिळते. आपल्याकडे शाकाहार मोठा, दूध-दही खाण्याचे प्रमाण असमान. पुण्यातील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्क्यांत बी१२ कमी आढळले. शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होते. होमोसिस्टीन हे रसायनही त्यांच्यात मोठ्या प्रमाणावर वाढलेले होते. नायट्रस ऑक्साइडनेही रक्तात हेच रसायन वाढते आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका त्याच्याशी जोडला जातो.

याचा अर्थ सरळ आहे. मांस-मासे रोज खाणाऱ्या डच किंवा ब्रिटिश तरुणाच्या यकृतात बी१२चा वर्षानुवर्षांचा साठा असतो. तो निकामी व्हायला बरेच फुगे लागतात. ज्याचा साठा आधीच तळाला गेलेला आहे, त्याच्यासाठी ही मर्यादा खूप खाली असेल. शस्त्रक्रियेत एकदाच हा वायू दिल्यानंतर, आधीपासून कमतरता असलेल्या रुग्णांना मज्जारज्जूचा त्रास झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. पाश्चात्त्य देशांतील ‘अमुक इतके फुगे सुरक्षित’ असे इंटरनेटवर फिरणारे हिशेब म्हणूनच आपल्याकडे लागू करणे धोक्याचे आहे.

दुसरी अडचण निदानाची. मुंग्या आणि अशक्तपणा घेऊन आलेल्या शाकाहारी तरुणाचे बी१२ कमी निघाले, की डॉक्टर इंजेक्शनांचा कोर्स लिहून देतात आणि विषय संपतो. फुग्यांबद्दल विचारले जात नाही, मुलगाही सांगत नाही. उलटेही घडते. रक्तातील बी१२ तपासणीत ‘नॉर्मल’ येऊ शकते, कारण जीवनसत्त्व आहे पण काम करत नाही. अशा वेळी होमोसिस्टीन आणि मिथाइलमॅलोनिक ॲसिड तपासावे लागते. बी१२च्या गोळ्या खाऊन गॅस हुंगत राहिले तर चालते, हा समजही फसवा आहे. नव्याने आलेले बी१२ही पुढच्या फुग्याबरोबर निकामी होते.

कायदा दोन्हींकडे सारखाच पाहतो का?

अजिबात नाही. भारत हा केटामाइनचा मोठा उत्पादक. २०००नंतरच्या दशकात आग्नेय आशियात पोहोचणाऱ्या केटामाइनचा भारत हा प्रमुख स्रोत मानला जात होता. २०११मध्ये केंद्राने ते एनडीपीएस कायद्याखालील मनोप्रभावी पदार्थांच्या यादीत घातले, तर २०१३मध्ये औषध नियमांतील ‘शेड्यूल एक्स’मध्ये. त्यामुळे ते कुलूपबंद ठेवावे लागते, प्रिस्क्रिप्शनची प्रत जपावी लागते. मात्र अती कडकपणाचीही किंमत असते. २०१५मध्ये चीनने केटामाइनवर आंतरराष्ट्रीय नियंत्रणाचा आग्रह धरला, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने तशी शिफारस केली नाही. गरीब देशांतील खेड्यापाड्यांत शस्त्रक्रियाच थांबतील, ही भीती त्यामागे होती. आपल्या ग्रामीण रुग्णालयांतील भूलतज्ज्ञांची टंचाई पाहता ती अनाठायी म्हणता येणार नाही.

नायट्रस ऑक्साइड एनडीपीएसच्या यादीत नाही. रुग्णालयातला वायू औषध म्हणून नियंत्रित आहे. क्रीमची नळकांडी मात्र स्वयंपाकघरातील साहित्य म्हणून ऑनलाइन मिळतात, वय कोणी विचारत नाही. मग नेदरलँड्सने जानेवारी २०२३मध्ये किंवा ब्रिटनने त्यानंतर केली तशी बंदी घालावी का? ब्रिटनच्या सल्लागार समितीचा बंदीला विरोध होता. हानीच्या मानाने शिक्षा अवाजवी ठरेल आणि वैध वापरात अडथळे येतील, असे तिचे मत होते. सरकारने ते डावलले. आपल्याकडे फौजदारी कलमांपेक्षा आधी साध्या गोष्टी करता येतील : मोठ्या सिलिंडरांची विक्री नोंदणीकृत हॉटेल-बेकऱ्यांपुरती ठेवणे, अल्पवयीनांना विक्री रोखणे, स्वादयुक्त सिलिंडर आयातीतच अडवणे. मज्जारज्जू दुखावलेल्या मुलाने पोलिसांच्या भीतीने डॉक्टरकडे जाणे टाळले, तर बंदीने साधले काय, हा प्रश्न उरतोच.

रुग्णांनी आणि पालकांनी काय लक्षात ठेवावे?

दात काढताना किंवा बाळंतपणात हा वायू दिला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. तो ऑक्सिजनसह आणि थोडाच वेळ असतो. शुद्ध शाकाहारी असाल, पूर्वी बी१२ कमी निघाले असेल किंवा पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, तर भूलतज्ज्ञाला आधी सांगावे. पर्यायी औषधे आहेत. केटामाइनबाबत हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब आणि सायकोसिसचा पूर्वेतिहास या गोष्टी लपवू नयेत.

घरात रिकामी छोटी चंदेरी नळकांडी आणि फुगे सापडले, मुलाच्या ओठांवर भाजल्यासारखे डाग असले, पायाला मुंग्या येत असल्या, तर मेंदूविकारतज्ज्ञाकडे न्यावे आणि गॅसबद्दल स्पष्ट सांगावे. वायू बंद करून बी१२ची इंजेक्शने लगेच सुरू झाली, तर बहुतेकांत सुधारणा होते. दर थोड्या वेळाने लघवीला जाणारा, लघवीच्या तपासणीत जंतू न सापडणारा आणि अँटिबायोटिक्सना दाद न देणारा तरुण रुग्ण समोर आला, तर मूत्रविकारतज्ज्ञाने केटामाइनबद्दल विचारायला हवे. हा प्रश्न आईवडिलांना खोलीबाहेर थांबवून विचारला, तर उत्तर मिळण्याची शक्यता अधिक.